पऱ्हाटी, टर्फ आणि मोरीवरचा नळ

पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, भडाभडा पेटते आणि तशीच विझते. चुलीत विस्तव टिकवायचा तर गोवरीच पाहिजे, नाहीतर बाभळीचं खोड. त्यामुळे आयर्लंडच्या जुन्या शेतघरांविषयी वाचताना माझं लक्ष आधी सरपणाकडेच गेलं. दलदलीत कुजलेल्या झाडपाल्याचा टर्फ नावाचा काळा थर असतो, ती टर्फ तिथले लोक उन्हाळ्याच्या तोंडी कापून काढत, वाऱ्यावर वाळवत आणि घराशेजारी गंजी लावत. ती सावकाश जळते. रात्री घरची बाई प्रार्थना म्हणत निखारे राखेखाली दडपायची आणि सकाळी त्यावरच आग फुलवायची.

आमच्या सासूबाईंचंही तेच. आगपेटी कोनाड्यात असायची, पण काडी ओढणं त्यांच्या लेखी उधळपट्टी. "राखंत उलथनं घाल वं, खाली जित्ता हाये इस्तो," म्हणायच्या. आणि खरंच असायचा.

तिकडे बास्टिबल नावाचं सपाट बुडाचं बिडाचं भांडं असे. खाली निखारे, झाकणावरही निखारे, आत ताक-सोडा घालून भिजवलेला पाव. आपण रोडगे थेट गोवऱ्यांच्या आरात टाकतो आणि फडक्यात घोळून राख झटकतो. थोडी उरतेच. मला तर ती राख लागलेला रोडगाच आवडतो, तुपात बुडवून, वांग्याच्या भाजीसोबत.

मे महिन्याच्या पहिल्या दिवशी तिथे घरातला विस्तव कुणाला देत नसत. दिला तर लोण्याची बरकत जाते म्हणे. आमच्याकडे दिवेलागणीनंतर विरजण मागायला येऊन बघा!

चुलीचं कौतुक सगळ्यांना असतं, पाण्याचं नाव कुणी काढत नाही. आयर्लंडमध्ये 1946 साली खेड्यापाड्यांत वीज न्यायला सुरुवात झाली. तरी घरात नळ यावा म्हणून आयरिश कंट्रीवुमेन्स असोसिएशन या खेड्यातल्या बायकांच्या संघटनेला 1960च्या दशकातही मोहीम चालवावी लागली. कर वाढेल म्हणून शेतकरी कुरकुरत होते. वाचून हसू आलं, कारण आमच्या वावरातल्या विहिरीवर मोटार बसली तेव्हा पहिलं पाणी गव्हाला गेलं. सासूबाई त्याच विहिरीवरून डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन घरी येत राहिल्या. पुढे नळ आला तोही मोरीवर, चुलीपासून लांब. का, तर पाईप तिथंच संपला.