ढोल-ताशा, ३२-बिट फ्लोट आणि तरीही फाटलेला आवाज

२०२४ ची फाइल मी अजून पुसलेली नाही. पुण्यात नदीपात्रातला पथकाचा सराव, तिरपी उन्हं, धुळीत उभे ढोल, चित्राला नाव ठेवायला जागा नाही. आवाज मात्र असा, की पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणीतरी हलवतंय. कॅमेऱ्याचाच माइक, लेव्हल ऑटोवर. ढोल वाजले की कॅमेरा आवाज दाबायचा, क्षणभर शांतता आली की वर उचलायचा, आणि पुढचा ठोका नेमका त्या उचललेल्या लेव्हलवर येऊन आदळायचा. वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, उघडला तर डोंगरांचे माथे जागच्या जागी कापून टेबलं केलेली.

माझी भाची त्या पथकात ताशा वाजवते. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, मस्त झालाय व्हिडिओ. म्यूट करून बघितला की."

२०२५ चं काम तिथंच ठरलं. सातेक मिनिटांची फिल्म, निवेदन नाही, वरून चिकटवलेलं संगीत नाही, पथकाचा आवाज तेवढा. चित्राबद्दल लिहिण्यासारखं फार नाही: २५ फ्रेम, शटर १/५०, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि त्यात खेळ केला की फ्लडलाइटखाली पट्टे पळायला लागतात. बाकी सगळा झगडा आवाजाचा.

जूनमध्ये झूमचा एफ३ रेकॉर्डर घेतला. २०२२ चं मॉडेल आहे, मुठीत मावतं, दोन एक्सएलआर इनपुट, म्हणजे मोठ्या माइकच्या तीन पिनांच्या वायरींची भोकं. वर गेनचं, म्हणजे येणारा आवाज किती वाढवून घ्यायचा त्याचं, बटणच नाही. हातात घेतल्यावर पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं, कारण इतकी वर्षं आपण अर्धा जीव त्याच बटणावर ठेवून शूट केलेलं असतं.

बटण का नाही, ते थोडक्यात. आत आवाजाचे आकडे करणारे दोन कन्व्हर्टर एकाच वेळी चालतात, एक बारीक आवाजासाठी आणि एक मोठ्यासाठी. सराफाचा काटा आणि भुसार दुकानातला वजनकाटा शेजारी शेजारी मांडावेत, तसं. गुंजभर आलं तर सराफाचा आकडा घ्यायचा, पोतं आलं तर दुसऱ्याचा. दोन्ही आकडे एकाच वहीत लिहायचे तर वहीही तशी लागते, आणि ती वही म्हणजे ३२-बिट फ्लोट. १६-बिटमध्ये सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर साधारण ९६ डेसिबल मावतं, २४-बिटमध्ये १४४, आणि फ्लोटमध्ये कागदावर १५२८. हा शेवटचा आकडा जाहिरातीत ठळक छापतात. जगात एवढा मोठा आवाजच नाही, तेव्हा त्याला भुलू नका. कामाची गोष्ट इतकीच की फाइल क्लिप होत नाही. शून्याच्या, म्हणजे साध्या फाइलच्या कमाल पातळीच्या, वर गेलेला ठोका एडिटमध्ये खाली ओढला की त्याचा माथा शाबूत सापडतो.

हे सगळं वाचून, पाठ करून मी १३ जुलैच्या रविवारी नदीपात्रात गेले. दोन छोटे कंडेन्सर माइक, स्टँडवर, ताशांच्या रांगेपासून दीड-दोन मीटरवर. पावसाची भुरभुर होती, म्हणून रेकॉर्डर प्लास्टिकच्या पिशवीत. चाळीस मिनिटं रेकॉर्ड केलं, एकदाही लेव्हलकडे बघितलं नाही. घरी येऊन हेडफोन लावला.

फाटलेला!

ढोल ठीक होते. ताशा मात्र जिथं जिथं चढत गेला तिथं तीच करकर. आधी सॉफ्टवेअरवर संशय घेतला. रीपरमध्ये उघडलं, रिझॉल्व्हमध्ये उघडलं, क्लिप २० डेसिबलनं खाली आणली. टेबलं तशीच, फक्त बुटकी झाली. मग झूम करून पाहिलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: माथे शून्यावर कापलेले नव्हतेच. ते उणे ९ डेसिबलच्या आसपास कापले होते, सगळे एका रेषेत. म्हणजे रेकॉर्डरला भरपूर जागा शिल्लक होती, त्याच्यापर्यंत आवाज पोचला तोच कापून.

दोषी माइक. कंडेन्सर माइकच्या पोटात एक छोटं सर्किट असतं आणि त्याची स्वतःची मर्यादा असते. माझ्या जोडीच्या कागदावर १२० डेसिबल लिहिलंय. दोन मीटरवर फोनमधलं अ‍ॅप १०८ दाखवत होतं, आणि मी त्यावर निश्चिंत होते. पण ते १०८ म्हणजे सरासरी. ताशाची काडी पानावर, म्हणजे त्याच्या ताणलेल्या तोंडावर, पडते तो क्षण काही मिलिसेकंदांचा, त्याचं टोक सरासरीच्या पंधरा-वीस डेसिबल वर सहज जातं, आणि कुठलाही साधा मीटर ते टोक दाखवत नाही. शिवाय एवढ्या आवाजात फोनच्या माइकलाच घाम फुटलेला असतो, त्याच्या आकड्यावर विसंबणं हा वेगळाच वेडेपणा. वजनकाटा कितीही मोठा आणा, पोतं दारातच फाटलं तर तो काय करणार?

या छंदातल्या नव्या मंडळींसाठी हा एवढाच भाग अधोरेखित करते, कारण "फ्लोट घ्या, निवांत व्हा" हे वाक्य जिथं तिथं ऐकू येतं. फ्लोट रेकॉर्डरमध्ये असतो. माइकमध्ये, वाऱ्यात आणि चुकीच्या जागी रोवलेल्या स्टँडमध्ये नसतो.

पुढचे तीन रविवार जागा शोधण्यात गेले, आणि खरं सांगायचं तर वर्षभरातली सगळ्यात मजा तिथं आली. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. नदीपात्र जवळजवळ मोकळंच, त्यामुळे स्टँड दोनावरून चार मीटरवर नेला, मग आठवर. आठवर करकर गेली, पण ताशाची धारही गेली. सगळं पथक कुठंतरी पलीकडच्या काठावर वाजतंय असं वाटायला लागलं. शेवटी ऑर्केस्ट्रात काम करणाऱ्या एका मित्रानं त्याचा जुना शुअरचा एसएम५७ दिला. डायनॅमिक माइक, आत विजेवर चालणारं सर्किटच नाही, काम सगळं पडदा, कॉइल आणि चुंबकाचं. स्टेजवर स्नेअर ड्रमसमोर वर्षानुवर्षं हाच असतो, आणि ताशा म्हणजे शेवटी आपला तापट स्नेअरच की. भाचीच्या ताशापासून वीतभर अंतरावर, कडेला तिरपा लावला. पानावर काडी नेमकी कुठं पडते, मधोमध की काठाला, हे पहिल्यांदा कानाला कळलं.

ढोलाची गोष्ट निराळी. त्याला दोन तोंडं, टिपरूची (दांडीची) बाजू टणटणीत आणि थापीची (हाताची) बाजू भरीव. कंडेन्सर टिपरूच्या बाजूला ठेवला तर नुसती टकटक ऐकू येते. थापीच्या बाजूला ठेवला तर घुमतो छान, पण पानातून सुटणारा हवेचा धक्काच माइकला लागतो आणि खालच्या सुरांचा चिखल होतो. मी एक माइक रांगेच्या मागे पाच मीटरवर, डोक्याच्या वर, केसाळ टोपी घालून ठेवला आणि तो विषय संपवला. पथकप्रमुख दादांनी एकदा येऊन विचारलं, "ताई, हे मांजर कशाला टांगलंय?" त्यानंतर पूर्ण मोसम ते मांजरच.

मग ६ सप्टेंबर, विसर्जन. लक्ष्मी रस्त्यावर एका ओळखीच्यांची पहिल्या मजल्यावरची गॅलरी मिळाली होती. नदीपात्रातलं गणित तिथं चाललं नाही. दोन्ही बाजूंना इमारती, आवाज भिंतींवरून परत परत येतो, आणि अंतर वाढवलं तरी उतरायचं नाव घेत नाही. पुढच्या चौकातल्या स्पीकरच्या भिंतीचा धडधडाट वेगळाच. रेकॉर्डर दुपारी चालू केला तो रात्रीच बंद केला. ४८ किलोहर्ट्झला दोन ट्रॅकचे तासाला जेमतेम १.४ जीबी होतात, त्यामुळे कार्डाची चिंता नव्हती. कॅमेरा मात्र तुकड्या-तुकड्यांत. टाळी वाजवून सिंक करायची, म्हणजे आवाज आणि चित्र जुळवायची, सोय नाही, दोन्ही यंत्रांची घड्याळं जुळवणारा टाइमकोड माझ्याकडे नाही.

आणि बरोबर चार दिवसांनी, १० सप्टेंबरला, निकॉननं झेडआर हा कॅमेरा जाहीर केला. पाठीला चार इंचांचा झगझगीत स्क्रीन, व्ह्यूफाइंडर नाही, झेड६-३ च्या जातीचा २४.५ मेगापिक्सेलचा सेन्सर, रेड या सिनेमा-कॅमेऱ्यांच्या कंपनीच्या वळणाचा आर३डी एनई कोडेक (व्हिडिओ साठवायची पद्धत), आणि कॅमेऱ्याच्या आतच ३२-बिट फ्लोट आवाज, साध्या ३.५ मिमीच्या भोकातून येणाऱ्या माइकलासुद्धा. पॅनासॉनिकनं २०२४ मध्ये जीएच७ कॅमेऱ्याला फ्लोट दिला होता, पण वर वेगळा एक्सएलआर अडॅप्टर चढवावा लागायचा. अमेरिकेत झेडआरची किंमत जाहीर करताना २२०० डॉलरच्या घरात ठेवली होती. रेडचं नाव असलेली गोष्ट या भावात मिळेल असं पाच वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर आपण त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

यातली गंमत जुन्या लोकांना ठाऊक असेल. रेडनं २०२२ मध्ये निकॉनवर दावा ठोकला होता, झेड९ कॅमेऱ्यातल्या कॉम्प्रेस्ड रॉ व्हिडिओच्या पेटंटवरून. २०२३ मध्ये तो मागे घेतला गेला, आणि २०२४ च्या वसंतात निकॉननं अख्खं रेडच विकत घेतलं. भाऊबंदकीचा इतका सोयीस्कर निकाल आपल्याकडच्या कोर्टांतही लागत नाही.

मी घेणार का? नाही. कॅमेऱ्यातला फ्लोट ही मोठी सोय आहे, विशेषतः लग्नं करणाऱ्यांसाठी. मंगलाष्टकं संपता संपता बँड सुरू होतो तेव्हा कुणाचा हात गेनवर असतो? शिवाय आवाज आणि चित्र एकाच फाइलमध्ये, म्हणजे सिंकची कटकट गेली. पण १३ जुलैला माझ्याकडे झेडआर असता तरी ताशा तसाच फाटला असता, फक्त जास्त महाग फाटला असता. त्या पैशांत चांगले माइक, दोन टाइमकोडच्या डब्या आणि पुढच्या वर्षीची भेळ.

सिंकवरून आठवलं. गॅलरीतल्या शॉट्समध्ये एक फरक पुन्हा पुन्हा खुपत होता. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर लांबचा ठोका माइकपर्यंत यायला दहावा भाग सेकंद, २५ फ्रेमला अडीच फ्रेम. टेलिलेन्सनं लांबचं टिपरू जवळ दिसतं, पण त्याचा आवाज लांबूनच येतो, आणि डोळ्याला ते चुकीचं वाटतं. मी प्रत्येक लांबच्या शॉटचा आवाज एक-दोन फ्रेम अलीकडे ओढलाय, म्हणजे तो आधी ऐकू येतो. ज्यांना हे फसवणूक वाटतं त्यांनी फिल्म ३४ मीटरवरून बघावी.

आजची स्थिती: सरावाचा भाग कापून झालाय, ४ मिनिटं १० सेकंद. विसर्जनाचा सर्वांत जमलेला तुकडा, ज्यात ढोल, ताशा, झांजा सगळं स्वच्छ वेगळं ऐकू येतं आणि एकही ठोका फाटलेला नाही, तो मी परवा भाचीला ऐकवला. पथकाचे ध्वज पडद्यावर, आवाज हेडफोनमध्ये. ती अर्धा मिनिट डोळे मिटून बसली. मग हळूच एक कान मोकळा केला.

"मावशी, आवाज एक नंबर आहे. पण हा ठेका आमचा नाही. हे आमच्या मागचं पथक."

आठ तासांची फाइल पुन्हा उघडलीय.