जॉली बॉयला जाताय? पैसे देण्याआधी हे वाचा

“दिवसभर बेटावर, काचेच्या बोटीतून प्रवाळ, स्नॉर्केलिंग, सगळं पॅकेजमध्ये.” अंदमानातल्या पोर्ट ब्लेअरच्या (आताचं श्री विजयपुरम) आमच्या एजंटाने हे सांगून भरघोस पैसे घेतले. प्रत्यक्षात बेटावर जेमतेम अडीच तास मिळाले आणि ‘सगळं’ म्हणजे नुसतं बोटीचं तिकीट निघालं. वाईट याचं वाटतं की त्याने लपवलेले नियम मला मनापासून पटले. आधी सांगितले असते, तर मी कुरकुर न करता गेले असते.

जॉली बॉय हे पोर्ट ब्लेअरजवळच्या वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं बेट. उद्यान 1983 साली झालं. 281.5 चौरस किलोमीटर पसारा, त्यात 15 बेटं, आणि पर्यटकांना खुली फक्त दोन, तीही एका वेळी एकच. कोरड्या मोसमात जॉली बॉय, पावसाळ्यात रेड स्किन. त्यामुळे मे महिन्यात जाणार असाल तर कोणतं बेट चालू आहे हे वन खात्याकडूनच विचारून घ्या. एजंटाच्या पत्रकावर बारा महिने जॉली बॉयचाच फोटो असतो.

एक बेट वापरायचं, दुसऱ्याला विश्रांती द्यायची ही कल्पना चांगलीच आहे. पण अंदमानात गर्दी असते ती डिसेंबर-जानेवारीत, आणि ती दर वर्षी जॉली बॉयच्याच वाट्याला येते. रेड स्किनला पावसाळ्यातले तुरळक लोक. म्हणजे ही पाळी समसमान नाही. अदलाबदल करा म्हणणंही सोपं नाही, पावसाळ्यात जॉली बॉयकडचा समुद्र फार खवळतो. तेव्हा उपाय एकच, बेटावर जायचे रोजचे परवाने मोजकेच ठेवणं. परवाना मिळाला नाही तर चरफडू नका आणि ‘जास्तीचे देतो, जमवून द्या’ हे तर बोलूच नका.

आता बेटावर पोचण्याच्या शेवटच्या टप्प्याबद्दल. वंडूरहून खाडीतून, तिवरांमधून जाणारा प्रवास सुखाचा आहे, तो सोडून देते. बेटाला मात्र धक्का नाही. मोठी बोट अलीकडेच थांबते आणि हलत्या पाण्यात तुम्हाला छोट्या, काचेच्या तळाच्या बोटीत उतरवतात. बोट लागत असेल तर गोळी वंडूरलाच घ्या, इथे पोचल्यावर उपयोग नाही. माझ्या नवऱ्याने घेतली नव्हती. पुढचा तपशील नको.

याच छोट्या बोटीत दुसरी वसुली होते. तिकिटातली फेरी दहा-पंधरा मिनिटांत संपते. दिसतो तो बहुतेक राखाडी चुरा, मेलेला प्रवाळ. मग बोटवाला म्हणतो, “खरा कोरल पलीकडे आहे, लंबी राइड घ्या.” माणशी वेगळे पैसे, पावती नाही. आम्ही दिले. थोडा रंग दिसला, पण पैशांच्या मानाने काहीच नाही. माझं स्पष्ट मत: लंबी राइड घेऊ नका. 2010 साली समुद्राचं पाणी तापून अंदमानातला पुष्कळ प्रवाळ पांढरा पडला आणि मेला. काचेतून पाहणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी त्याचा सांगाडाच दिसतो.

तेच पैसे स्नॉर्केलिंगला घाला. मास्क स्वतःचा न्या, तिथले गळतात. स्नॉर्केलिंगसाठी दोर बांधून आखलेला पाण्याचा तुकडा लहान आहे आणि सगळी बोट त्यातच उतरते, म्हणून जेवण मागे ठेवून आधी पाण्यात शिरा. पाण्यात तोंड घातलं आणि मी एजंटाला विसरले! जांभळ्या ओठांचा मोठा शिंपला, प्रवाळ कुरतडणारे पोपटमासे (कुरतडण्याचा आवाज खरंच ऐकू येतो), समुद्रफुलात (सी अ‍ॅनिमोनमध्ये) लपलेले जोकरमासे. मालवणला पाव टाकून जमवलेले मासे पाहिले असतील, तर इथे कुणी काही न टाकता ते आपल्या कामात असलेले पाहा. फक्त दमलात म्हणून खाली पाय टेकू नका. माझ्यासमोर एक गृहस्थ प्रवाळावर चक्क उभे राहिले आणि गाइड त्यांच्यावर ओरडला. बरं केलं. डोक्याएवढा प्रवाळाचा गोटा वाढायला कित्येक वर्षं लागतात. अंगाला सनस्क्रीन थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला.

प्लॅस्टिकची तपासणी वंडूरच्या धक्क्यावर होते आणि ती कडक आहे. बिस्किटांचे पुडेसुद्धा चालत नाहीत. आमच्या मागच्या कुटुंबाची भाकरवडी पाकिटातून निघून कागदी पिशवीत गेली, वाद घालून काही उपयोग झाला नाही. बेटावर खायला काही मिळत नाही, तेव्हा स्टीलच्या डब्यात पोळी-भाजी आणि स्टीलच्या बाटलीत भरपूर पाणी न्या. परतताना मुलांचे खिसे तपासा. प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, विमानतळावर सामान उघडून बघतात.

परतल्यावर वंडूरच्या किनाऱ्यावर पोहायचा मोह झाला तर जाळी लावलेल्या भागाबाहेर जाऊ नका, तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. आणि एजंटाने सोमवारची तारीख दिली तर त्याला तिथेच नमस्कार करा, सोमवारी उद्यान बंद असतं.