अनुराधापूरच्या पुढे, जाफन्यापर्यंत

दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेल्या फांद्यांपासून वाढलेला. त्यामुळे इंदोरा-कामठीची आमची मंडळी तिथल्या महाबोधीखाली माहेरी आल्यासारखी बसली. कँडी, कोलंबोही छान झालं. पण मला लिहायचंय ते उत्तरेकडच्या तमिळ शहराबद्दल, जाफन्याबद्दल. आयोजक ते गाळायलाच निघाले होते. "तिथं काय, ऊन नि ताडाची झाडं!" आम्ही काहीजणी हटून बसलो म्हणून जाणं झालं.

अनुराधापूरहून रेल्वेनं गेलो. सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यातल्या युद्धामुळे १९९० मध्ये बंद पडलेला हा मार्ग भारताच्या कर्जातून इरकॉन या आपल्या सरकारी कंपनीनं पुन्हा बांधला, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये गाडी परत जाफन्याला पोचली. "आपण बांधून दिली," हे डब्यात ज्यानं त्यानं सांगून झालं.

जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय पांढरंशुभ्र आहे, समोर सरस्वतीचा पुतळा. चपला काढून आत गेलो. मुलंमुली माना खाली घालून अभ्यास करत होती. १९८१ मध्ये ३१ मेच्या रात्री पोलीस आणि त्यांच्यासोबतच्या सिंहली जमावानं हेच ग्रंथालय पेटवलं. सुमारे ९७,००० ग्रंथ गेले, जुनी ताडपत्रं गेली. काहींची दुसरी प्रत कुठेच नव्हती. याच्या मूळ उभारणीत आपल्या ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांचा सल्ला होता. पुढे डागडुजी झाली, तर युद्धात पुन्हा मोडतोड. १९९८ पासून सरकारनं एक वीट, एक पुस्तक मागत नवी उभारणी सुरू केली. २००३ मध्ये उघडतानाही वाद झालाच. जळक्या भिंती साक्षीला तशाच राहू द्या, असं म्हणणारे तमिळ लोक होते. मलाही ते पटतं. निदान एक भिंत तरी काळी ठेवायला हवी होती.

आमच्यात एक निवृत्त शिक्षिका होत्या, सगळे त्यांना बाई म्हणतात. त्या कपाटापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "जाळणारेही बुद्धालाच वंदन करणारे होते ना वं? बाबासाहेबांनी पुस्तकं ठेवायला राजगृह बांधलं. आणि ह्यांनी हे केलं?" मला फार राग आला होता. सकाळीच आम्ही ज्यांच्या शेजारी बसून त्रिशरण म्हटलं, त्यांच्याच धर्मबांधवांबद्दल हे ऐकावं लागत होतं.

बसस्थानकाकडे चालताना जाफन्याचं शिक्षण रुग्णालय लागलं. बाहेर रांगा, रिक्षा, डबे घेऊन आलेले नातेवाईक. १९८७ मध्ये २१ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, तमिळ बंडखोरांशी लढणाऱ्या भारतीय शांतिसेनेचे जवान इथं शिरले. ६०-७० माणसं मारली गेली; रुग्ण, डॉक्टर, परिचारिका. मी हे सांगितलं तशा बाई म्हणाल्या, "मघापासून रेल्वेचं सांगून राहिले ना सगळे? हेही सांग आता गाडीत."

सांगितलं. कामठीचे एक माजी सैनिक काका होते, ते दुखावले. "आपलेही हजाराच्या वर जवान गेले तिथं. त्यांचं कोण सांगणार?" ते खरंच आहे, आणि तेही सांगितलंच पाहिजे. पण दवाखान्यातल्या खाटेवरच्या माणसाचा त्यात काय दोष, हा बाईंचा प्रश्न काकांना सुटेना. वावुनियापर्यंत दोघं भांडत होते, आणि मी उघड बाईंच्या बाजूनं होते.

आयोजकांना मी लेखी कळवलंय: पुढच्या सहलीत जाफन्याला दोन मुक्काम ठेवा, आणि रुग्णालयापुढे गाडी थांबवून आपल्या लोकांना तिथं काय झालं ते सांगा.