पाचला दहा कमी

गेल्या रविवारी दुपारी जेवून जरा आडवी झाले ती थेट पाचला दहा कमी असताना जागी झाले, आणि पहिला विचार काय आला तर "गेला! आजपण गेला!" धडपडत उठून बसले. बघते तर खिडकीतून ऊन सरळ पलंगावर आलेलं, समोरच्या गॅलरीत कपडे वाळतायत, खाली भंगारवाला ओरडतोय. पुण्यात पाचला दहा कमी म्हणजे चहाचं आधण ठेवायची वेळ, त्यात जाण्यासारखं काही नसतं. पण हे पाचला दहा कमी माझ्या अंगात अंदमानातल्या हॅवलॉक बेटापासून बसलंय ते अजून निघालेलं नाही.

2018 चा नोव्हेंबर संपत आलेला. आम्ही चौघी, चार सॅका, आणि एक हिशोबाची वही जी मॅनेजरबाई (आमच्यातलीच एक, पदवी आम्ही दिलेली) उशाखाली घेऊन झोपायच्या. बेटाचं नाव त्यानंतर महिन्याभरात, 30 डिसेंबरला, स्वराज द्वीप झालं, पण आमच्या तोंडात हॅवलॉकच राहिलंय. तिथे किनाऱ्यांना नंबर आहेत, रेशनच्या दुकानांना असतात तसे. आम्ही राहिलो पाच नंबरला, बांबूच्या झोपडीत, कारण स्वस्त. पाच नंबर पूर्वेला तोंड करून. सूर्यास्त मात्र बघायचा तो सात नंबरला, म्हणजे राधानगरला, बेटाच्या पलीकडच्या अंगाला. आल्या दिवशीच वहीत लिहून झालं होतं, "राधानगर, सनसेट, मस्ट."

तर पहिल्या दिवशी. सरकारी फेरीतून उतरलो, एकीला बोट लागलेली, ती हिरवी पडलेली, जेट्टीजवळ मच्छी-भात खाल्ला. भात इतका वाढला की नको म्हणेपर्यंत दुसरा डाव पडलेला. झोपडीसमोर दोन झाडांमध्ये झोळी बांधलेली होती. मी म्हटलं पाचच मिनिटं. डोळे उघडले तेव्हा अंधार. म्हणजे अगदी मिट्ट नाही, तो निळा-काळा, ज्यात माणसांचे चेहरे नुसते डाग दिसतात तसला. बाकीच्या तिघी वाळूवर ओळीने आडव्या, भरतीने आणून टाकल्यासारख्या. फोन बघितला तर पाच वाजून दहा मिनिटं. मला वाटलं फोन बिघडला.

आणि मला ते झालं, जे मला लहानपणापासून होतं. तिन्हीसांजेला झोपेतून उठल्यावर जे पोटात खड्डा पडल्यासारखं होतं ना, ते. कुणाला समजावून सांगायची गरज नाही, ज्याला होतं त्याला माहितीये.

दुसरीत होते मी. साताऱ्याला आमची सकाळची शाळा, एकदा दुपारी झोपले ती दिवेलागणीला उठले. घरात कोणी दिसेना, बाहेर उजेड तसलाच अर्धामुर्धा, पक्षी ओरडतायत. दादा दारात उभा. म्हणाला, "अगं अजून झोपलीयस काय, शाळेची वेळ झाली." मी बिचारी मोरीत जाऊन काळी टूथपावडर लावून दात घासले, युनिफॉर्म चढवला, दप्तर घेतलं, आणि शेजारी मैत्रिणीला हाक मारायला गेले. तिची आई तुळशीपाशी दिवा लावत होती. हातातली काडी विझेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कुठं निघालीस गं बाई सोन्या?" एवढी रडले मी. शाळा नाही म्हणून नाही. सकाळ आहे असं धरून मी पाच-दहा मिनिटं जगले होते, आणि ती सकाळ कुणीतरी काढून घेतली म्हणून. दादा अजून लग्नाकार्यात हा किस्सा सांगतो, वर माझ्या मुलीलासुद्धा सांगून ठेवलाय.

त्यानंतर आजीने पाळतच ठेवली. साडेपाच झाले की पायाला हलवायची. "तिन्हीसांजेचं झोपू नये, लक्ष्मी दारातून परत जाते." त्या एका तासाला आमच्याकडे इतके नियम होते, केर काढायचा नाही, नखं कापायची नाहीत, उंबऱ्यावर बसायचं नाही, मीठ कुणाला द्यायचं नाही, लक्ष्मी येणार म्हणून सगळं घर ताठ बसल्यासारखं. आणि मुलींना शिवाय एक जास्तीचा. दिवे लागायच्या आत घरी. ह्याला घड्याळ नव्हतं बघा, उन्हाळ्यात सव्वासात चालायचे, डिसेंबरात सहाला बोंब. पुढे हॉस्टेलला गेले तिथे रेक्टरने वेळ ठरवून दिली, साडेआठ म्हणजे साडेआठ, तेव्हा मला खरं तर मोकळं वाटलं होतं, निदान वाद तरी घालता येतो घड्याळाशी.

असो. दुसऱ्या दिवशी एलिफंट बीचला गेलो, सकाळी बोटीने. काचेत तोंड घालून मासे बघितले, निळे, पिवळे, एक पट्ट्यापट्ट्यांचा माझ्या बोटाशी येऊन उगाच घुटमळला. परत येऊन जेवलो आणि ठरवलं की आज फक्त अर्धा तास. पुढचं सांगत नाही.

त्या संध्याकाळी झोपडीवाल्या मासीने ओरडून उठवलं. तिचे सासू-सासरे फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन इथे जंगलात वसवलेल्यांपैकी, हॅवलॉकवर बरीच वस्ती अशीच आहे, म्हणून तर गावांची नावं गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर. कंबरेवर हात ठेवून उभी. "भर संध्याय घुमोते नेई!" मला बंगाली ओ की ठो कळत नाही, पण हे शब्दन् शब्द कळलं. आजीच उभी होती, फक्त साडी वेगळी नेसलेली. मग आत जाऊन तिने शंख फुंकला, तीनदा, मागच्या सुपारीच्या वाडीतून दुसऱ्या घरातला शंख आला, मग आणखी लांबून तिसरा. पाच वाजले होते. त्या बाईच्या घरी भिंतीवर घड्याळ होतं, त्यात बरोब्बर पाच, आणि तिने त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही.

भूगोल मला तसा माहिती होता, शाळेत मार्क मिळवलेत त्यावर. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं, मिर्झापूरच्या जवळून जाणारी ती रेघ. हॅवलॉक जवळपास त्र्याण्णववर, पुणे चौऱ्याहत्तरच्या अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं. करा हिशोब, सव्वा तास होतो. मॅनेजरबाईंनी वहीच्या मागच्या पानावर केलासुद्धा आणि खाली दोन रेघा मारल्या. 1906 सालापासून सगळ्या देशाला एक घड्याळ आहे, मुंबईने तेव्हा बरीच खळखळ केली म्हणतात, आपला 39 मिनिटं मागे चालणारा मुंबई टाईम कितीतरी वर्षं सोडला नाही. मला मुंबईचं बरोबर वाटतं. आसामच्या चहामळ्यांत तर अजून एक तास पुढचा बागान टाईम चालतो. पण तिकडे सूर्य पाचला दहा कमी असतानाच बुडतो हे सगळं माहिती असून काय, मनात तो सहालाच मावळतो. सहाला मावळतो म्हणजे पाचला निघालं तरी चालतं, हे इतकं आत बसलेलं की तिसऱ्या दिवशी न झोपता (न झोपता!), भाड्याच्या दोन स्कूटरवरून, मध्ये भजी खाऊन, एका ठिकाणी सुपारी वाळत घातलेली तिचे फोटो काढून, आम्ही आरामात राधानगरला पोचलो तेव्हा लोक परत निघालेले. ओल्या केसांची, वाळूने माखलेली पोरं, टॉवेल झटकणाऱ्या बायका. ती उंचच्या उंच समुद्री मोह्याची झाडं काळी झालेली. गार्ड शिट्ट्या मारून पाण्यातल्या लोकांना बाहेर काढत होता. आकाशात एक नारिंगी पट्टी उरलेली, पानात शेवटी उरतो तेवढा आमरस. एकजण आम्हाला बघून म्हणाला, "मॅडम, बहुत मस्त था आज." तुम्हाला कुणी विचारलं का?

आई फोन करायची बरोबर सहाला. म्हणजे तिची दिवेलागण झाली की. समुद्राखालची केबल तिकडे 2020 मध्ये पोचली, तेव्हा नेट म्हणजे देवाची करणी, फोनसुद्धा लागला तर लागला, त्यामुळे ती पहिल्या वाक्यातच सगळं बोलून घ्यायची. "रूमवर आलात ना अंधार पडेल आता चौघी एकत्र आहात ना जेवण बरंय ना." त्यात नेमकं आम्ही तिकडे असतानाच ती नॉर्थ सेंटिनेलची बातमी सगळीकडे झालेली, तो अमेरिकन तरुण बेटावर गेला आणि तिथल्या लोकांनी बाणांनी मारला ती. आईने टीव्हीवर अंदमान हा एवढाच शब्द ऐकला. मी समजावतेय की अगं ते बेट पोर्ट ब्लेअरच्या त्या बाजूला, आम्ही ह्या बाजूला, आणि तिकडे जायला कायद्याने बंदी आहे, जवळपाससुद्धा फिरकता येत नाही. तर म्हणते, "मग तो कसा गेला?" ह्यावर काय बोलणार.

पण सांगायचं ते वेगळंच. ती जेव्हा म्हणायची अंधार पडेल आता, तेव्हा आमच्याकडे अंधार पडून तास होऊन गेलेला असायचा. आम्ही चौघी पाच नंबरच्या वाळूवर, ओहोटीने पाणी लांबच्या लांब गेलेलं, खडकांच्या मधल्या डबक्यांत खेकडे कुरकुरतायत, त्रिपुरी पौर्णिमेच्या आगेमागेचा चंद्र समोर समुद्रातून वर आलेला, इतका मोठा की एकीने घाबरून हात धरला. तिन्ही दिवस सूर्य हुकला, पण चंद्र रोज दारात येत होता त्याचं कुणी वहीत लिहिलंच नव्हतं. आणि मी फोनवर सांगायचे, "हो आई, आलोच आता, अजून उजेड आहे थोडा." खोटं नव्हतं तसं, चंद्राचा उजेड होताच. पस्तिशीची बाई, एक मूल नवऱ्याकडे ठेवून आलेली, आणि अंधारात बाहेर बसल्याची चोरी. फार गोड लागायची ती चोरी, सांगते. आईच्या अंधाराला अजून तासभर अवकाश आहे, तोवर हा आपला फुकटचा, कुठल्याच नियमात न बसणारा अंधार. घरी कुणी वाट बघत नाहीये, कारण घरी अजून संध्याकाळच झालेली नाही.

परतताना पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेल. मराठी माणूस तिथे गेल्याशिवाय परत येत नाही, आम्हीही गेलो. तिसऱ्या मजल्यावर सावरकरांच्या कोठडीसमोर रांग, पुढे एक टूरचा ग्रुप, काका-काकू, टोप्या, एकसारख्या बॅगा. दहा वर्षं, 1911 ते 1921. आत गेलं की माणूस आपोआप गप्प होतो. मागच्या भिंतीत एकदम वर, हात पोचणार नाही अशी एक खिडकी, आणि पुढच्या गजांतून बघावं तर समोरच्या इमारतीची पाठ. बांधलंच तसं, कुणाला कुणाचं तोंड दिसू नये असं. त्या ग्रुपमधल्या एका काकूंनी भिंतीला हात लावला आणि गाईडला विचारलं, "इथून संध्याकाळ झालेली कळायची का हो?" गाईड पुढे निघून गेला होता. त्या तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग मागची रांग ढकलायला लागली.

बाहेर पडलो तर पाचच वाजत होते आणि अंधारून आलेलं.

राधानगरचा सूर्यास्त राहिला तो राहिलाच. पुन्हा जाऊ म्हणतो, ग्रुपवर दर दिवाळीत विषय निघतो, मॅनेजरबाई वहीचा फोटो टाकतात, मग कुणाच्या मुलाची दहावी असते.

आजी आता नाही. तिची पाळत आईने पुढे चालवली, माझ्यावर, मग माझ्या मुलीवर. ती आजोळी गेली की साडेपाचला तिचे पाय हलवले जायचे. पण हल्ली आई स्वतःच झोपते. गुडघ्याची गोळी घेते दुपारी, त्याने झोप येते म्हणते. परवा मी सव्वासहाला फोन केला, तिची फोन करायची वेळ उलटून गेली म्हणून. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा आवाज जड, लांबून आल्यासारखा.

"सकाळ झाली का गं?"

नाही, संध्याकाळ आहे, मी म्हटलं. दिवा लावायचा राहिलाय तुझा.

"हो का," म्हणाली, आणि फोन न ठेवताच उठली. मी कानाला लावून बसले. चपला फरफटल्या, कपाट उघडलं, बंद झालं, परत उघडलं. काडेपेटी सापडत नव्हती बहुतेक.