आमची वाटचाल : छपाईपासून मूल्यमापनापर्यंत

पांढरकवड्यातलं आमचं केंद्र मुळात घटक चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका छापून द्यायचं. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला, त्याच वर्षी राज्यात आकारिक (शिकत असतानाच केलेलं) आणि संकलित (सत्राअखेरचं) मूल्यमापन आलं. शाळा विचारू लागल्या, पोराला नेमकं काय येत नाही? मग छपाई मागं पडली आणि प्रश्न घडवणं हेच काम झालं.

या कामात खरी मेहनत चुकीच्या पर्यायांवर लागते. ४०३ − १७८ घ्या. उत्तर २२५. शेजारी २२४ आणि २२६ ठेवले तर मुलाच्या डोक्यात काय चाललं ते कळत नाही. आम्ही ३७५, २३५ आणि ५८१ ठेवतो. ३७५ निवडणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं, दशक सुटा करतच नाही. २३५ वाल्याने शतक सुटं करून दहा दशक आणले, एक एककाला दिला, पण मागे नऊच उरले हे धरलं नाही. ५८१ वाल्याने सरळ बेरीज केली. तिघांना शिकवायचं वेगवेगळं, म्हणून अहवालात गुणांआधी कोणत्या मुलाने कोणता पर्याय निवडला ते देतो.

प्रश्न आधी शंभरेक मुलांवर तपासतो. एकूण गुणांप्रमाणे पेपर लावायचे, वरचे २७ आणि खालचे २७ काढायचे. वरच्यांत २१ जणांचं आणि खालच्यांत ८ जणांचं बरोबर असेल तर काठिण्यमूल्य (एकूण किती जणांना प्रश्न जमला) २९ भागिले ५४, म्हणजे ०.५४, भेदनमूल्य (वरच्या आणि खालच्या मुलांतला फरक प्रश्न किती दाखवतो) १३ भागिले २७, म्हणजे ०.४८. असा प्रश्न ठेवावा. भेदनमूल्य ०.२ च्या खाली गेलं की प्रश्न पुन्हा लिहितो. ते उणे आलं तर आधी उत्तरसूची तपासा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो, नाहीतर दोन पर्याय बरोबर ठरत असतात.

देशभरातल्या मुलांना किती येतं ते पाहणारं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ मध्ये १३ नोव्हेंबरला झालं, २०२१ मध्ये १२ नोव्हेंबरला. त्यामुळे सराव चाचण्याही त्याच सुमारास मागतात. आपल्याकडे तो कापूस वेचणीचा हंगाम. वावरात गेलेली मुलं बहुधा आधीच मागं पडलेली असतात. ती गैरहजर राहिली की वर्गाची सरासरी फुगते. म्हणून हजेरीपट जोडल्याशिवाय आम्ही सरासरी देत नाही, राहिलेल्यांची चाचणी नंतर घेतो.

वाचन मात्र तोंडीच घ्यावं. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या केंद्रीय मोहिमेत तिसरीसाठी मिनिटाला ६० शब्द, अर्थासह, अशी अपेक्षा आहे. मिनिट संपलं की खूण करायची, चुकलेले शब्द वजा करायचे, मग उताऱ्यावर प्रश्न. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, सूचना त्यांच्या कोलामी भाषेतून द्यायला तिथलीच शिकलेली पोरं सोबत घेतो, आणि उत्तर कोलामीत आलं तरी आकलनाचे गुण पूर्ण देतो. मराठी वाचनाचा वेग वेगळ्या रकान्यात. हे दोन रकाने एकत्र केले की समजदार मूल कागदावर कच्चं दिसतं.