पुरानंतरचं ओव्हरलॉक

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या सांगलीतल्या घरात शिरलं तेव्हा माझं ओव्हरलॉक मशीन, म्हणजे कापडाची कड कापून तिच्यावर धागे गुंफणारं मशीन, खालीच राहिलं होतं. नंतर खोलून, पुसून, तेल घालून चालू केलं, पण गंज काही त्याची पाठ सोडेना. गेल्या महिन्यात वरचा लूपर, म्हणजे सुईच्या धाग्यात दुसरा धागा गुंफणारा वाकडा हात, मोडला. दुरुस्तीवाले काका म्हणाले, "ताई, आता यात पैसे घालू नका."

मग नवं मशीन घ्यायला दुकानात मी पिशवीभर चिंध्या घेऊनच गेले: जुन्या बनियनचा तुकडा, सुती अस्तर, शिफॉन. दुकानदार टाक्यांचे प्रकार मोजून दाखवत होता. मला बघायचं होतं डिफरन्शियल फीड. यात सुईखाली कापड सरकवणारे दात पुढे आणि मागे वेगवेगळे असतात. त्याचा आकडा एकच्या वर नेला की पुढचे दात मागच्यांपेक्षा जास्त कापड सरकवतात, म्हणून होजियरीची कड लाटेसारखी पसरत नाही. एकाच्या खाली आणला की शिफॉनला चुण्या पडत नाहीत. बनियनचा तुकडा घालून बघितला, कड अगदी सरळ! तिथेच निम्मा निर्णय झाला.

४ धाग्यांचं घेतलं. एक सुई काढली की ३ धाग्यांवर चालतं, ब्लाउजच्या आतल्या कडांना तेवढं पुरतं. साध्या शिलाई मशीनची सुई यात बसते, हेही विचारून घेतलं. खालच्या लूपरमधून धागा ओवणं मात्र अवघडच. दुकानात तीनदा स्वतः ओवून बघितलं, मगच पैसे दिले.

मशीन आता माडीवर, खिडकीपाशी ठेवलंय.