मामांच्या होल्स्टरचा अँगल: शेवटी १२ डिग्रीवर थांबलो

मामांच्या बेल्ट होल्स्टरचं (बेल्टला लावायचा रिव्हॉल्वरचा चामडी खिसा) काम अँगलपाशी, म्हणजे तो किती तिरका बसवायचा त्यापाशी, अडकलं होतं ते एकदाचं सुटलंय, म्हणून सगळं लिहून टाकतो, लेदरमध्ये काम करणाऱ्या कुणाला उपयोगी पडलं तर बरंच. आधीचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मामांचं कोल्हापुरात गुजरीत सोन्याचं दुकान, लायसन्सचं .३२ रिव्हॉल्वर, ३ इंची नळी, वजन साधारण ७०० ग्रॅम. माणूस उजव्या हाताचा, पोट थोडं सुटलेलं, उजवा खांदा जरा आखडलेला, शर्ट कायम बाहेर.

लेदरमध्ये त्रास असा की बेल्टच्या चिरा एकदा कापल्या की अँगल कायमचा फिक्स. कायडेक्सवाल्यांचं (कडक प्लास्टिकचं होल्स्टर करणाऱ्यांचं) बरं असतंय, स्क्रू ढिला केला, फिरवला, आवळला, झालं काम. म्हणून कातड्याला रापी (कातडं कापायची सुरी) लावायच्या आधी उद्यमनगरातनं ३ एमएम ॲल्युमिनियमची एक प्लेट कापून आणली, तिच्यात गोलाईची खाच आणि ० ते २० डिग्रीच्या खुणा. प्लेट बेल्टवर, प्लेटीवर रद्दी कातड्याचा ओबडधोबड खिसा, आणि खिशात सागवानी डमी. डमीला भोकं पाडून शिसं भरलंय, कारण हलक्या डमीवर सगळेच अँगल मस्त वाटतात, खरं वजन बेल्टला लागलं की मग कळतंय काय ते. माझ्याकडं लायसन्स नाही, त्यामुळं या सगळ्या खटपटीत खरं हत्यार आलंच नाही. आणि तसंही आचारसंहिता लागली की बऱ्याच जणांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं, काम काय डमीवर कधीही चालू राहतंय.

आता मुद्दा. शून्य अँगल म्हणजे नळी सरळ जमिनीकडं, मूठ मागं. फॉरवर्ड कँट म्हणजे नळीचं तोंड थोडं मागं सरकतं आणि मूठ वर पुढं झुकते. अमेरिकेत १०-१५ डिग्रीला एफबीआय कँट म्हणतात आणि आपल्याकडं लोक व्हिडिओ बघून डोळे झाकून तेच मागतात. पण अँगल एकटा ठरवताच येत नाही, तो बेल्टवर होल्स्टर कुठं बसतंय त्याच्याशी बांधलेला आहे. नाभी म्हणजे १२ वाजले, उजव्या कमरेचं हाड म्हणजे ३ असं धरलं तर पुढं पोटापाशी शून्यच बरा पडतो, हाडावर शून्य ते दहा चालतंय, आणि हाडाच्या मागं ४ कडं सरकलं की कँटशिवाय भागत नाही.

का ते कागदावर काढून बघा. लपवायला अवघड नळी नसते, ती पँटच्या कडेला गप पडून असते, दगा देते ती मूठ. मूठ १० सेंटिमीटर धरा आणि शून्य अँगलला ती मुळातच १५ डिग्री वर चढलेली असते असं धरा, तर मागं ९.७ सेंटिमीटर निघते. १५ डिग्री कँट दिला की मागचं निघणं ८.७ वर येतं. म्हणजे सगळा गाजावाजा जेमतेम एक सेंटिमीटरचा! खरा फायदा दुसराच आहे, मूठ पाठीच्या रेषेला लागून वर जाते, त्यामुळं वाकल्यावर शर्टाला टोचत नाही. आणि त्याची किंमत पण आहे, मुठीचं टोक जवळजवळ अडीच सेंटिमीटर वर चढतं. मामांच्या कमरेपासून बरगडीपर्यंत जागाच कमी, २० डिग्रीला लगेच, "बरगडीत घुसतंय की रं हे." मग होल्स्टर थोडं खाली घ्यावं लागतं, पण फार खाली घेतलं तर बसताना बोंब.

आरशासमोर उभं राहून सगळे अँगल सारखेच दिसतात, तिथं काही ठरवू नका. मामांचा दिवस जातो गादीवर मांडी घालून. तिथं शून्य अँगलला होल्स्टरचं खालचं टोक गादीवर टेकतं आणि सगळं प्रकरण वर ढकललं जातं, पोटापाशी ठेवलं तर मांडी आणि पोट यांच्यामध्ये चेचलं जातं. १० च्या पुढं खालचं टोक मागं सरकून कुल्ल्याच्या बाजूला जातं आणि माणूस निवांत बसतो. दुसरी परीक्षा गाडीची. टू व्हीलरवर जरा पुढं वाकलं की शून्य अँगलला शर्टाचा तंबू होतो, १२ डिग्रीला नाही. वाऱ्यानं शर्टाची मागची बाजू उडते त्याला मात्र कुठलाच अँगल उपयोगी नाही, शर्ट दोन इंच लांब शिवा नाहीतर वरनं जॅकेट घाला. हे शोभेचं काम नाही बरं का, २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणं सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा सॅकसारख्या पिशवीत, पूर्ण झाकलेली आणि आपल्या ताब्यातच पाहिजे. वरातीत कमरेला दाखवत फिरणारे जे असतात त्यांनी हे वाचावं.

ड्रॉबद्दल, म्हणजे हत्यार होल्स्टरमधनं बाहेर काढण्याबद्दल, इथं कुणाला विचारावं हाच प्रश्न होता. कोल्हापूर म्हटलं की नेमबाजीत राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, स्वप्निल कुसाळे, पण त्या खेळात होल्स्टर नसतोच, २५ मीटर पिस्तूलच्या रॅपिडमध्ये हात तिरका खाली धरून तिथनं वर आणतात. म्हणून डमीवरच बघितलं. रिव्हॉल्वर नळीच्या रेषेतच बाहेर येतं, त्यामुळं शून्याला हात सरळ वर खेचावा लागतो आणि कोपर काखेच्या वर जातं, मामांचा खांदा तिथंच बोलायला लागतो. कँट दिला की हात वर आणि पुढं असा तिरका जातो, ते सोपं. पण १५ च्या पुढं, होल्स्टर हाडाजवळच असेल तर, मनगट मोडल्यासारखं वळतं आणि मूठ पूर्ण पकडीत येत नाही. मधल्या बोटाला ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कडीच्या) मागं जागा लागतीया, ती रापीनं मोकळी करा, पण गार्ड स्वतः कातड्यात पूर्ण झाकलेलाच राहू दे.

परत आत घालताना मागची बाजू दिसत नाही, शर्टाचं टोक आत अडकून ट्रिगरवर येऊ शकतं, म्हणून तोंडाला दुहेरी पट्टी लावून ते ताठ उघडं ठेवलंय. घाई करायचीच नाही, शर्ट बाजूला धरून, वळून बघून. मामांना गाडीत बसल्यावर सोयीचं म्हणून डावीकडं क्रॉस ड्रॉ (होल्स्टर डाव्या बाजूला, काढायचं उजव्या हातानं) पण हवा होता, तो मी करणार नाही म्हणून सांगितलंय, बाहेर काढताना नळी शेजारी बसलेल्यावरनं फिरते.

तर फायनल: हाडाच्या किंचित मागं, साधारण साडेतीनला, १२ डिग्री, सिलिंडर बेल्टच्या पातळीत. त्याच्या वर घेतलं तर वजन बेल्टवरनं बाहेर कलंडतंय. कातडं सुभाषनगरातनं घेतलं, चपलेचंच, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, साडेतीन एमएमच्या आसपास. भिजवून डमीवर दाबलं की आकार धरतं, क्रोमचं मऊ कातडं तसा धरत नाही. तेल जपून, जास्त झालं की तोंड लुळं पडतं. आणि रात्री हत्यार होल्स्टरमध्ये ठेवायचं नाही, आपल्या पावसाळ्यात कातडं ओल धरतं आणि लोखंडाला गंज चढतो, हे मामांना निक्षून सांगितलंय.

चिरा कापून झाल्यात, शिलाई अर्धी झालीय. आता रिव्हॉल्वरच्या घोड्यावरनं (हॅमरवरनं) जाणारी, अंगठ्यानं उघडायची पट्टी राहिलीय. तिला पितळी बटण कोण वापरतंय का? बाजारात मिळतंय ते लोखंडावर पाणी चढवलेलं, एका पावसात गंजतंय. कुठं मिळतंय आणि काढताना आवाज किती होतोय तेवढं सांगा.